कोठाराचे दार

‘साठवणे’ आणि ‘साचणे’ ही दोन क्रियापदे मराठीत एकमेकांच्या इतकी जवळ वावरतात की, ती सख्ख्या बहिणी आहेत असे वाटावे. वस्तुतः दोहोंमध्ये मोठे अंतर आहे. साठवण्याच्या मागे एक कर्ता असतो, त्याचा काही हेतू असतो आणि किती काळ साठवायचे याचाही त्याच्या मनाशी काही अंदाज असतो. साचण्याला यांपैकी कशाचीच गरज लागत नाही. नुसता काळ गेला की पुरे. शेतकरी बियाणे साठवतो. डबक्यात पाणी साचते. आपल्या घरात आज जे सामान आहे त्यातले साठवलेले किती आणि साचलेले किती, हा प्रश्न वरवर पाहता घर आवरणाऱ्याचा किंवा सुताराचा वाटेल. मला मात्र तो नीतिशास्त्राचाही प्रश्न वाटतो, आणि प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्या जुन्या घरांत साठवणीची एक पक्की व्यवस्था होती. भातासाठी कणगी होती, डाळी-कडधान्यांसाठी मडक्यांची उतरंड होती, लोणच्याच्या बरण्यांसाठी फडताळ होते, दिव्यासाठी कोनाडा होता, दुधातुपासाठी शिंके होते आणि लाकूडफाट्यापासून इरल्यापर्यंत उरलेल्या सर्व गोष्टींसाठी माळा होता. वसईच्या किनारपट्टीवर मासेमारी बंद असण्याच्या दिवसांची बेगमी म्हणून सुके बोंबील आणि सुकट डब्यांत भरून ठेवली जाई. या व्यवस्थेचा विशेष असा की, प्रत्येक साठ्याला त्याचा ऋतू होता. नवे भात येण्याच्या सुमारास कणगीचा तळ दिसू लागे. तो तळ वेळेआधी दिसला तर घरात उपास पडत, हेही विसरून चालणार नाही. जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. एवढेच म्हणायचे आहे की, भरणे आणि रिकामे होणे या दोन्ही गोष्टी त्या कोठाराच्या धर्मातच होत्या.

आजच्या घरातील अडगळीला ऋतू नाही आणि तळही नाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे गॅरेज. हा मूळ फ्रेंच शब्द. मराठी माणसाने तो मोटारदुरुस्तीच्या दुकानासाठी उचलला आणि अजूनही ‘गाडी गॅरेजला टाकली’ असेच आपण म्हणतो. घराला लागून मोटारीसाठी बांधलेली खोली ही अमेरिकेतील उपनगरी घरांची ओळख. तेथे या खोलीचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००१ नंतरच्या काही वर्षांत त्या परिसरातील ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा बारकाईने अभ्यास केला. त्यावरील पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीन चतुर्थांश गॅरेजांत मोटार ठेवायला जागाच उरलेली नाही, असे त्यांना आढळले. ज्या वस्तूसाठी खोली बांधली ती वस्तू बाहेर, आणि जिची आठवणही कोणाला नाही ती आत!

आपल्याकडे वाडीतील कौलारू घरे जाऊन बंगले आले आणि बंगल्यांबरोबर गॅरेजही आले. घराला आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरू जातो तेव्हा त्याला खोलीखोलीतून पवित्र पाणी शिंपडत फिरावे लागते. अशा वेळी एक दार बहुधा अर्धेच उघडले जाते आणि यजमान संकोचाने म्हणतात, “फादर, इथे नको, इथे सगळी अडगळ आहे.” त्या अर्ध्या दारातून दिसते ते असे: बंद पडलेला कूलर, मोठ्या झालेल्या मुलांचा पाळणा, पाडलेल्या घराच्या खिडक्यांच्या चौकटी, लग्नात आलेल्या भेटींचे न फोडलेले खोके, रंगाचे अर्धवट सुकलेले डबे. मोटार अंगणात पावसात भिजत उभी असते. मग पुढचा प्रश्न येतो. पत्र्याचे रॅक घ्यावेत, की प्लायवूडची कपाटे करून घ्यावीत? छताखाली आणखी एक माळा काढता येईल काय?

हा प्रश्न मी क्षुल्लक मानत नाही. माणसाच्या श्रद्धेचा कस पुष्कळदा अशाच साध्या निर्णयांत लागतो. परंतु रॅक की कपाट, या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे गेले तर उत्तम कपाटेही आपल्याला साथ देणार नाहीत. तो प्रश्न प्रभू येशूने एका दाखल्यात मांडला आहे. गंमत अशी की, त्या दाखल्यातील मनुष्यापुढची अडचण अगदी हीच आहे: माल उदंड आणि ठेवायला जागा नाही.

संत लूककृत शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात हा दाखला येतो. वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीचा तंटा घेऊन कोणी एक जण येशूकडे येतो, त्यावरून तो निघतो. एका धनवानाची जमीन भरघोस पिकते. तो आपल्याशीच विचार करतो, जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो, पुष्कळ वर्षांच्या निश्चिंतीचे स्वप्न पाहतो आणि त्याच रात्री मरण पावतो. या माणसाने कोणाचे शेत लाटलेले नाही, मापात खोट केलेली नाही, मजुरांची मजुरी बुडवलेली नाही. निदान दाखल्यात तसे काही म्हटलेले नाही. उलट तो योजक आहे, दूरदर्शी आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर जागेचे नियोजन कसे करावे हे त्याला चांगले समजते. तरी देव त्याला मूर्ख म्हणतो. चोर म्हणत नाही, मूर्ख म्हणतो.

त्याची मूर्खता कोणती? त्याचे स्वगत नीट ऐकले तर तिचा उलगडा होतो. पीक माझे, कोठारे माझी, माल माझा, जीवही माझा. त्या सगळ्या विचारविनिमयात दुसरे माणूस एकही नाही. बायको नाही, मूल नाही, शेजारी नाही, गडी नाही. इतके धान्य कोणासाठी, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतच नाही. ‘ठेवू कोठे?’ एवढा एकच प्रश्न त्याला पडतो, आणि ज्याला हा एकच प्रश्न पडतो त्याला उत्तरही एकच सुचते: आणखी मोठे कोठार.

यावरून कोठार बांधणे हेच पाप, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. त्याच पवित्र शास्त्रात योसेफाचेही कोठार आहे. उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायानुसार सुबत्तेच्या सात वर्षांत तो मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढून नगरोनगरी साठवतो. लूकमधील धनवानाची कोठारे त्याच्यापुढे खेळण्यातली वाटावीत. तरीही त्याला कोणी मूर्ख म्हटले नाही. कारण दुष्काळ पडल्यावर त्याने ती कोठारे उघडली. अर्थात योसेफाची कथाही निर्भेळ नाही. त्याच ग्रंथाचा ४७वा अध्याय वाचणाऱ्याला ठाऊक आहे की, हे धान्य विकत दिले गेले. लोकांचे पैसे संपले तेव्हा त्यांची गुरे घेतली गेली, मग जमिनी आणि शेवटी त्यांचे स्वातंत्र्यही. कोठार उघडले, पण दाराशी तराजू होता.

तराजू नसलेले कोठार पाहायचे तर आपल्या महाराष्ट्रातच मंगळवेढ्याला जावे लागेल. बहामनी राजवटीत तेथे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली, अशी वारकरी परंपरेने जपलेली कथा आहे. मालक राजा, पंत केवळ राखणदार. आणि शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर. इतिहास आणि भक्तिकथा यांची सीमारेषा येथे कोठे पडते हा विद्वानांचा विषय आहे. पण शतकानुशतके मराठी मनाने कोठारावरच्या माणसांपैकी कोणाला संत मानले आणि कोणाला विसरून टाकले, हे या कथेवरून स्पष्ट दिसते. कोठाराची परीक्षा त्याच्या दाराशी होते.

ही गोष्ट आपल्या भाषेलाही ठाऊक असावी. ‘कोठार’ हा शब्द संस्कृत ‘कोष्ठागार’ या शब्दापासून आला. ‘कोष्ठ’ म्हणजे धान्य ठेवण्याची जागा आणि ‘कोष्ठ’ म्हणजे पोटही. आपला ‘कोठा’ दोन्ही अर्थांनी वापरला जातो. वैद्य कोठा साफ आहे ना म्हणून विचारतो तो यामुळेच. आत गेलेले बाहेर न पडणे या विकाराला आयुर्वेदाने बद्धकोष्ठ म्हटले आहे. वाचकांनी विनोदाची क्षमा करावी, पण आपल्या कित्येक गॅरेजांचे निदान या एका शब्दात करता येईल. त्यावर मोठे कपाट हे औषध नव्हे, हेही ओघानेच आले.

चौथ्या शतकात कॅपाडोशियातील कैसरिया नगरात संत बाझील यांनी हाच धागा दुसऱ्या टोकाने पकडला होता. ३६८-६९ च्या सुमारास तेथे भीषण दुष्काळ पडला. व्यापारी भाववाढीच्या आशेने धान्य दडवून बसले. तेव्हा बाझील यांनी लूकच्या याच दाखल्यावर प्रवचन केले. त्याचा आशय असा की, तुम्हाला कोठारेच हवी असतील तर ती तयार आहेत, गरिबांची पोटे हीच ती कोठारे. आणि पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्याचा आहे, तुमच्याकडे तो नुसता अडकून पडला आहे. जास्तीचे देणे हे औदार्य आहे असे आपण मानतो. बाझील म्हणतात, ती तर परतफेड आहे. हे वाक्य पचायला जड आहे आणि ते तसे असायलाच हवे.

येथे कोणी मला थांबवील आणि ते योग्यच होईल. आपल्यातील पुष्कळ ज्येष्ठ मंडळींनी टंचाई पाहिली आहे. १९७२ चा दुष्काळ, रेशनच्या रांगा, घासलेटसाठी घातलेल्या खेपा हे त्यांना पुस्तकात वाचावे लागलेले नाही. वाकडा खिळा दगडावर ठोकून सरळ करायचा आणि डबीत टाकायचा, सुतळीचा तुकडा गुंडाळून ठेवायचा, हा त्यांचा संस्कार आहे. ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ या त्यांच्या उद्गारात लोभ शोधणे हा अन्याय होईल. अलीकडे मोजक्या वस्तूंत राहण्याची एक शैली प्रतिष्ठेची झाली आहे. रिकाम्या, पांढऱ्याशुभ्र खोल्यांची छायाचित्रे मासिकांत झळकतात. परंतु ज्याला हवे तेव्हा पुन्हा विकत घेता येते त्यालाच आज टाकून देणे परवडते. गरीब माणूस वस्तू धरून ठेवतो, कारण ती दुसऱ्यांदा मिळणार नाही हे त्याला माहीत असते. तेव्हा घरात वस्तू किती आहेत यावरून माणसाची विरक्ती मोजता येणार नाही.

शिवाय टाकणे म्हणजे देणे नव्हे. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम आपल्या अनेक धर्मग्रामांत चालते. तेथील कार्यकर्त्यांना विचारावे, म्हणजे ‘गरिबांसाठी’ म्हणून आलेल्या गाठोड्यांतून काय काय निघते ते कळेल: विटक्या साड्या, एकेकट्या चपला, जळलेले मिक्सर. जी वस्तू घरात ठेवायची आपल्याला लाज वाटते ती दुसऱ्याच्या दारी सोडणे हे दान नसून कचऱ्याचे स्थलांतर आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात ‘वापरा आणि फेका’ या संस्कृतीवर टीका केली ती याच कारणासाठी. फेकलेले कोठेतरी जाऊन पडतेच, आणि कचऱ्याचे डोंगर बहुधा एखाद्या गरीब वस्तीच्या उशालाच उभे राहतात.

मग धरावे तरी काय आणि सोडावे तरी काय? निर्गमच्या १६व्या अध्यायातील मान्नाची कथा मला येथे मार्गदर्शक वाटते, कारण तिच्यात साठवणीचे तीन प्रकार एका ठिकाणी आले आहेत. उद्या मिळेल की नाही या भीतीने काहींनी मान्ना रात्रभर ठेवला; त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र शब्बाथासाठी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती. तो दुसऱ्या दिवशीही चांगला राहिला. आणि एक ओमेरभर, म्हणजे साधारण दोन लिटर, मान्ना एका पात्रात भरून पुढील पिढ्यांना दाखवण्यासाठी परमेश्वरासमोर ठेवण्यात आला. अन्न तेच होते. भीतीपोटी साठवलेले नासले, कर्तव्यापोटी साठवलेले टिकले आणि स्मरणासाठी ठेवलेले पवित्र झाले. आपल्या घरातील प्रत्येक वस्तू या तिघांपैकी कोठे बसते ते विचारून पाहावे. भय, कर्तव्य की स्मरण? चौथे उत्तर ‘माहीत नाही’ असे असेल, तर ती वस्तू साठवलेली नाही, साचलेली आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाला तात्त्विक चौकट दिली. त्यांच्या मते मालमत्तेच्या बाबतीत दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा लागतो. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हा एक भाग. तेथे खासगी मालकी योग्यच आहे, कारण स्वतःच्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो, त्यामुळे व्यवहारात शिस्त राहते आणि भांडणे कमी होतात. वस्तूचा उपयोग हा दुसरा भाग; तेथे मात्र माणसाने ती केवळ आपली मानू नये, गरजवंताला सहज देता येईल अशा वृत्तीने ती बाळगावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच सूत्र आधुनिक जगासाठी पुन्हा मांडले. महात्मा गांधींनी त्याच्या अगदी जवळचा विचार ‘विश्वस्त’ या शब्दात सांगितला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की, अधिक चांगले जगण्याची इच्छा धरणे यात गैर काही नाही. ‘असण्या’पेक्षा ‘बाळगण्या’ला श्रेष्ठ मानणारी जीवनशैली गैर आहे.

अक्वायनस यांच्या या विभागणीतून एक गोष्ट निष्पन्न होते, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. सांभाळणे माझे आणि उपयोग सर्वांचा, असे असेल तर नीटनेटकी साठवण हा निव्वळ टापटिपीचा प्रश्न राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो. जी वस्तू सापडत नाही ती देता येत नाही. शेजाऱ्याला शिडी हवी आहे, माझ्याकडे तीन शिड्या आहेत, पण तिन्ही सामानाच्या ढिगाखाली आहेत. तेव्हा मी ‘नाही हो’ म्हणतो. यात मी खोटे बोलतो असे नाही, पण खरेही बोलत नाही. त्याला चौथी शिडी विकत घ्यावी लागते आणि तीही यथावकाश त्याच्या ढिगाखाली जाते. एका आळीत दहा शिड्या असतात आणि हाताशी एकही नसते. गंजलेला पाना, वाळवीने खाल्लेला पाट, ओल लागून बुरसटलेली पुस्तके: या वस्तू मी कोणाकडून चोरल्या नसतील, पण ज्याला त्या उपयोगी पडल्या असत्या त्याच्यापासून मी त्या हिरावल्या आहेत. कसर आणि गंज यांविषयी प्रभूने दिलेला इशारा स्वर्गातील धनासंबंधी होता खरा. तथापि ज्या वस्तूला गंज लागला तिच्यापासून वंचित राहिलेले माणूसही त्या इशाऱ्यात उभे आहे, असे मला वाटते.

आता या दृष्टीने गॅरेजच्या नियोजनाकडे वळू. काम सुरू करायला प्रायश्चित्तकाळासारखा दुसरा काळ नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी असते, सामान अंगणात काढता येते. आणि उपवासाचा अर्थही आपण त्याच दिवसांत शोधत असतो. कपाट, रॅक किंवा डबे यांपैकी काहीही तोवर विकत घेऊ नये. सामान न पाहता कपाटे आणणे म्हणजे दाखल्यातील धनवानाचाच मार्ग धरणे होय. घरातील सर्वांनी मिळून सगळे बाहेर काढावे आणि त्याचे चार भाग करावेत. पहिला भाग दुसऱ्यांच्या वस्तूंचा. तो निघतोच: शेजाऱ्याचा कुदळ-फावडा, चर्चच्या सणाला आणलेल्या खुर्च्या, मेहुण्याची ड्रिल मशीन. त्या आधी पोहोचवाव्यात. कारण न्याय आधी आणि दान नंतर, हा नीतिशास्त्राचा क्रम आहे. दुसरा भाग वर्षातून एकदा तरी लागणाऱ्या वस्तूंचा. तिसरा भाग आपल्याला नको, पण दुसऱ्याला खरोखर कामाच्या असलेल्या वस्तूंचा. त्यांत किरकोळ दुरुस्ती असेल तर ती आपण करून द्यावी. चौथा भाग भंगाराचा. ते भंगारवाल्याला द्यावे, दान म्हणून देऊ नये.

मग मोजमाप. आधी मोटारीची जागा खडूने आखावी. लहान मोटार साधारण साडेतीन ते चार मीटर लांब आणि दीड ते पावणेदोन मीटर रुंद असते. दार उघडून माणसाला उतरता यावे म्हणून दोन्ही अंगांना निदान दोन-दोन फूट सोडावे लागतात. त्या रेषेच्या बाहेर जे उरेल तेवढीच साठवणीची जागा. सामानाला हवी तितकी जागा शोधण्याऐवजी जागेत मावेल तितकेच सामान ठेवावे. मर्यादा आधी मान्य केली की निवड आपोआप करावी लागते, आणि निवड करणे हेच तर विवेकाचे काम.

रॅक निवडताना आपल्या हवेचा विचार करावा. लोखंडी अँगलचे रॅक वजन पेलतात आणि त्यांच्या फळ्या वर-खाली करता येतात. पण किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून जस्ताचा मुलामा किंवा चांगला रंग दिलेले घ्यावेत. प्लायवूड दिसायला देखणे, मात्र ओल आणि वाळवी यांपासून त्याला जपावे लागते. भुशाचे स्वस्त बोर्ड पावसाळी हवेत फुगतात. जुलै २०१८ मध्ये वसई परिसर पाण्यात बुडाला होता हे लक्षात ठेवून सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान फूटभर उंच असावी. जड वस्तू खाली, हलक्या वर आणि रोजच्या वस्तू हात पोहोचेल अशा मधल्या फळ्यांवर. उंच रॅक भिंतीला पक्का ठोकावा. मूल त्यावर चढले तर तो अंगावर येतो. कीटकनाशके, रंग आणि थिनर मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलूपबंद जागी असावेत. पेट्रोलचे कॅन आणि जास्तीचा गॅस सिलिंडर बंद गॅरेजमध्ये मुळीच ठेवू नयेत. डबे पारदर्शक असावेत, किंवा त्यांवर ठळक अक्षरात चिठ्ठी असावी. ती घरातील कोणालाही, किंबहुना आपण घरी नसताना आलेल्या शेजाऱ्यालाही वाचता आली पाहिजे.

माझी आणखी एक सूचना आहे, आणि ती कोणत्याही सुताराच्या आराखड्यात सापडणार नाही. दाराला लागून असलेली एक फळी रिकामी ठेवावी. ती बाहेर जाणाऱ्या वस्तूंची फळी. घरात नवी वस्तू आली की जुनी या फळीवर यावी; महिन्याच्या शेवटी फळी मोकळी व्हावी. जवळच खिळ्याला एक वही टांगलेली असावी: कोणती वस्तू कोणाकडे दिली आहे. अशा वहीत फक्त उधारी असते असे समजू नये. त्यात त्या घराचे गावाशी असलेले नाते नोंदवलेले असते.

सगळ्यात अवघड भाग मी शेवटी ठेवला आहे. एखाद्या घरी नवऱ्याला जाऊन आठ-दहा वर्षे झालेली असतात. तो सुतार होता. त्याची पटाशी, रंधा, करवत, गिरमीट गॅरेजच्या भिंतीवर त्याने टांगली तशीच टांगलेली असतात. मुलगा म्हणतो, “आई, देऊन टाकू.” आई काही बोलत नाही. अशा आईला अपरिग्रहाचे प्रवचन देणे हा निर्दयपणा आहे. ती लोखंड राखत नाही, हात राखते आहे. तथापि तिला कोणी तरी मायेने सांगावे की, मान्ना एकाच पात्रात ठेवला होता; स्मरणाला तेवढे पुरले. रंधा तिने ठेवावा. ज्या मुठीला त्याच्या हाताचा घाम लागून लाकूड काळे पडले आहे, तो रंधा कोणीही मागू नये. बाकीची हत्यारे मात्र नव्याने धंद्याला लागलेल्या एखाद्या पोराच्या हाती गेली, तर ती पुन्हा लाकडाला लागतील, आणि सुताराच्या हत्याराचे स्मारक याहून चांगले काय असणार? केव्हा द्यायचे हे मात्र तिने ठरवावे. दुसऱ्याच्या कोठाराचे दार आपण ढकलून उघडायचे नसते.

नीट लावलेले गॅरेज म्हणजे पावित्र्य नव्हे, हे मला ठाऊक आहे. टापटीप माणूस कंजूष असू शकतो आणि पसारा मांडणारा माणूस दिलदार असतो, असेही आपण पाहतोच. शिस्त ही केवळ वाट करून देते. त्या वाटेने चालायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण वाटच बुजलेली असेल, तर दिलदार माणसालाही देता येत नाही.

दाखल्याच्या शेवटी देवाने धनवानाला विचारले की, तू जे सिद्ध करून ठेवले आहेस ते आता कोणाचे होईल? हा प्रश्न आपण शिक्षेसारखा ऐकतो. वास्तविक तो अगदी साधा, घरगुती प्रश्न आहे आणि प्रत्येक घरात तो एक दिवस विचारला जातोच. परदेशी गेलेली मुले अंत्यविधीसाठी येतात, आठवड्याची रजा असते, गॅरेजचे शटर वर जाते आणि ती एकमेकांकडे पाहत राहतात. धनवान त्या प्रश्नापुढे निरुत्तर झाला, कारण त्याने तो स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आपल्या हाती अजून वेळ आहे. शिलाईयंत्र पुतणीसाठी, पुस्तके शाळेसाठी, शिडी साऱ्या आळीसाठी: चिठ्ठी चिकटवताना वस्तूच्या नावाखाली आणखी एक नाव लिहिण्याइतकी जागा तिच्यावर असते. ते नाव आपण हयातीतच लिहिले आणि जमेल तेव्हा आपल्याच हातांनी ती वस्तू तेथे पोहोचवली, तर त्या रात्रीचा प्रश्न आपल्याला बुचकळ्यात टाकणार नाही. त्याचे उत्तर डब्यावर लिहिलेले असेल.